सिंधूबाईंची माळ आणि आमचं पत्रक

अन्याय झाला तो सिंधूबाई ठोंबरे या नर्सबाईंवर. केव्हा झाला, तेही नेमकं सांगतो. तीन वर्षांपूर्वी, मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, नरखेड तालुक्यातल्या एका गावच्या आठवडी बाजारात, संत्र्यांच्या ढिगांमधून एक पत्रक वाटलं जाऊ लागलं तेव्हा. मथळा होता : 'सरकारी नर्स की सरकारी मांत्रिक?' मजकूर जळजळीत होता. मला माहीत आहे, कारण तो मी लिहिला होता.

सिंधूबाई गेल्याला आता पाच आठवडे झाले. नागपुरात सक्करदऱ्याच्या चौकात चहा घेत असताना शेजारच्या माणसाच्या पेपरात चार ओळी दिसल्या... अल्पशा आजाराने निधन, मागे एक बहीण. आमच्या अंधश्रद्धाविरोधी मंडळात पहिला धडा शिकवतात तो हा, की छापलेल्या शब्दामागे कोण उभं आहे ते आधी बघा. त्यामुळे वाईट वाटायच्या आधी मला शंकाच आली. अल्पसा म्हणजे केवढा? कोणी तपासलं? ज्या बाईनं गावोगावची पोरं जगवली, तिला वेळेवर डॉक्टर मिळाला की नाही? दुसऱ्या दिवशी सायकल काढून शहराबाहेर बेसा गावी तिच्या बहिणीच्या घरी गेलो. बहिणीनं पाणी दिलं, आणि मी उलटतपासणी घेतल्यासारखे प्रश्न विचारत असताना शांतपणे सांगितलं, की छातीत दुखत होतं, चार दिवस अंगावर काढलं, पाचव्या दिवशी सकाळी गेली. "दुसऱ्याचं पाह्यत राहिली जनमभर. सोताचं काही सांगितलं नाई तिनं." इथे पकडावा असा कोणी नव्हता. पण शंका घ्यायची सवय लागलेला माणूस रिकाम्या हातानं परत येत नाही.

तो आठवडा संपायच्या आत आरोग्य खात्याच्या कचेरीत शोकसभा झाली. फोटोला हार, उदबत्ती, आणि ज्या साहेबांच्या सहीनं बाईंची बदली झाली होती तेच अध्यक्ष. सेवामूर्ती, त्यागमूर्ती, सगळ्या मूर्ती झाल्या. मी मागच्या बाकावरून उठलो आणि विचारलं, की एवढी मोठी मूर्ती होती तर तिला गावातून उचलून औषधभांडारात बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायला का बसवलं? सभेत कुजबुज झाली. साहेब दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या म्हणाले. नंतर व्हरांड्यात चहाचा कप हातात घेऊन माझ्याजवळ आले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "तक्रार आमच्या खात्यातली नव्हती हो. बाहेरून आली. पत्रक आहे ना तुमचं, ते लावलंय फाईलला. पाहायचंय?"

मी पाहिलं नाही. ते मला पाठ होतं.

आता मुळापासून सांगतो. मावशीचं गाव नरखेड तालुक्यात, संत्र्याच्या बागांमधलं. त्या हिवाळ्यात माझी मावसबहीण वत्सलाताई बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरायच्या महिनाभर आधीच मोकळी झाली, मुलगी झाली, आणि मुलगी एवढीशी होती. मी कॉलेजला दांडी मारून भेटायला गेलो. बाळंतिणीच्या खोलीच्या दाराला घोंगडी टांगलेली, आत शेगडी, शेगडीवर ओवा आणि शेपा टाकून केलेली धुरी, खिडकीला कापड कोंबलेलं. डोळे चुरचुरायचे. बाळाच्या अंगावर झबलं, त्यावर जुन्या लुगड्याची दोन दुपटी, डोक्याला टोपडं, वर गोधडी. नाकाच्या टोकाशिवाय काही दिसत नव्हतं. बाराव्या दिवसापर्यंत बाहेरच्या कोणी बाळाला उघडं पाहायचं नाही, नजर लागते, अशी रीत. आणि या खोलीत एसटीच्या थांब्यापासून पायी चालत एक सावळी, ठेंगणी, पन्नाशीकडे झुकलेली नर्स आली. पिशवी खाली ठेवली. मला वाटलं, आता थर्मामीटर निघेल. निघाली माळ, एकशे आठ मण्यांची.

मी घोंगडीच्या फटीतून पाहत होतो. बाई मावशीला म्हणाल्या, जपाला धूर चालत नाही, शेगडी अंगणात न्या. मावशीनं मुकाट्यानं नेली. मग म्हणाल्या, जपाच्या वेळी बाळाची छाती उघडी पाहिजे, मग झाका चांगलं. मालिशवालीनं नाकात तेल सोडलं असेल तर जप फळत नाही, यापुढे नको. घुटी आणि मध चाटवायचा नाही, फक्त आईचं दूध, नाहीतर जप मोडतो. दिवस किती भरले होते, पाणी किती वेळ आधी गेलं, तुला ताप होता का, हेही त्यांनी ताईला विचारलं, पण ते मला नाटकातलं वाटलं. मग बाजेला टेकून बसल्या, डाव्या मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत, ओठ हलवत मणी ओढू लागल्या. एकदा, मग पुन्हा एकदा. उद्या परत येते म्हणाल्या आणि माळ पिशवीत टाकली. "तिच्या जपानं पोरं वाचतात," मावशी माझ्या कानाशी म्हणाली.

माझं डोकं सणकलं. सरकारचा पगार, पांढरं लुगडं, आणि हातात माळ! नागपूरला परत येताना एसटीतच मी पत्रकाचा कच्चा खर्डा लिहिला. धूर चालत नाही, तेल चालत नाही, मध चालत नाही, उघडी छाती लागते, हे कोणत्या वैद्यकशास्त्रात लिहिलं आहे, असा सवाल मी त्यात ठणकावून विचारला होता. मंडळानं माझी पाठ थोपटली. सीताबर्डीमागच्या एका छापखान्यात पत्रक छापलं, मथळ्याला सगळ्यात मोठे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, लावले. बाईंशी बोलावं, एकदा विचारावं, असं आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. आम्ही सगळ्यांवर शंका घेत होतो, फक्त आमच्या स्वतःच्या डोळ्यांवर नाही.

नवव्या दिवशी बदली झाली. ज्या कचेरीत उपकेंद्राची कौलं शाकारायचा कागद हिवाळे न् हिवाळे पडून होता, तिथं बदलीचा कागद नऊ दिवसांत निघाला. मला तेव्हा तो आमच्या लेखणीचा विजय वाटला. एवढ्या वेगाची शंका यायला हवी होती ती आली नाही. पुढे कळलं, की बाई दर हिवाळ्यात वर पत्र पाठवत होत्या... उपकेंद्रात इंजेक्शनं नाहीत, तान्ही बाळं धापा टाकतात आणि तालुक्याला न्यायला गाडी नाही, येऊन बघा. शेवटच्या पत्रात त्यांनी लिहिलं होतं, की आता हे पेपरात देईन. साहेबांना निमित्त हवं होतं. ते आम्ही मोठ्या खिळ्यांत छापून दिलं.

भांडारात रुजू व्हायला बाई नागपुरात आल्या तेव्हा एका रविवारी दुपारी माझा पत्ता शोधत सक्करदऱ्याला माझ्या खोलीवर आल्या. दारात उभ्या राहून विचारलं, "तूच का गा तो लिहिणारा?" मी ताठ मानेनं हो म्हणालो. त्या आत आल्या, माझ्या ट्रंकेवर बसल्या, पाणी मागून प्यायल्या. मी भांडणाच्या तयारीत होतो, पण त्यांनी पिशवीतून पत्रक काढलं, मांडीवर सपाट केलं.

"हात चांगला हाय तुहा. एकच सांग. मी काय जपून राहिली होती, ते ऐकलं का तू?"

ऐकू आलं नव्हतं, ओठ हलताना दिसले होते, मी म्हणालो.

"एक, दोन, तीन, चार. तेच जपून राहिली होती मी. पुढचे आकडे तुले येत असतीन, शिकलेला हायेस."

त्यांनी माळ माझ्या हातात दिली. साठाव्या मण्यावर लाल दोरा बांधलेला होता. बाळ निजलेलं किंवा शांत असताना, रडल्यावर किंवा प्यायल्यावर लगेच नाही, छाती-पोट एकदा वर आलं की एक मणी. घड्याळाचं पूर्ण एक मिनिट. अर्ध्या मिनिटाला दुप्पट करून चालत नाही, कारण तान्ही बाळं मध्येच थांबतात, मध्येच भरभर घेतात. मिनिटभरात बोट लाल दोऱ्याला लागलं की शंका घ्यायची आणि पुन्हा मोजायचं. दुसऱ्यांदाही तेच झालं, तर फुप्फुसात काहीतरी आहे असं धरून चालायचं आणि दवाखाना गाठायचा. ताप येईपर्यंत, खोकला येईपर्यंत थांबायचं नाही. एवढं लहान बाळ खोकत नाही, नुसतं गप्प होतं. अपुऱ्या दिवसांचं, वजनानं कमी, पाणी जाऊन दिवस उलटल्यावर झालेलं, आईला ताप असताना झालेलं, धुरात ठेवलेलं... अशा बाळाकडे त्या रोज जायच्या, बाकीच्यांकडे एक दिवसाआड. हे सगळं त्या नागपूरला प्रशिक्षणात एका म्हाताऱ्या मेट्रनकडून शिकल्या होत्या. माळ मात्र त्यांची स्वतःची.

मी अजून हरलो नव्हतो. मग खोटं काहून बोलता, जप म्हणून का सांगता, असं विचारलंच.

"मोजून राहिली म्हटलं तर बाजेपाशी बसू देते का कोणी? श्वास मोजला की आयुष्य मोजलं म्हणतात. एका घरी झाडू घेऊन मागं लागली होती सासू."

"मग समजावून सांगायचं त्यांना."

"समजवतेच ना गा. पन समजेपर्यंत बाळ थांबते का?"

आणि हसल्या. म्हणाल्या, बाळंतिणींना त्या दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला हळूच सांगून टाकतात, शिकवतातही. "गावातल्या साऱ्या पोरीईले मालूम होतं. सासवाईले मालूम नव्हतं, अन् तुले."

पुढचं काही बोलायला मी तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. मान एका बाजूला कलती करून त्या भिंतीकडे ऐकू लागल्या. "हे कोन कण्हून राहिलं?" मला काही ऐकू येत नव्हतं. मग आलं. दर श्वासाला बारीक, दबलेला 'ह्... ह्...'. भिंतीपलीकडे घरमालकांच्या सुनेचं नऊ दिवसांचं बाळ होतं. मीच त्या सकाळी मित्राला सांगितलं होतं, बाळ फार शांत आहे, अभ्यासाला त्रास नाही.

आम्ही पलीकडे गेलो, तर घरमालकीण काकू दारातच उभ्या राहिल्या. जुनं, भोसल्यांच्या काळात इथे आलेलं घराणं, काका कचेरीत हेडक्लार्क. बाळ मोठं गुणाचं आहे, दोन दिवस झाले रडणं नाही की दुधासाठी हट्ट नाही, असं कौतुकानं सांगू लागल्या. तेवढ्यात त्यांची नजर बाईंच्या हातातल्या माळेवर गेली. "ही तुमच्या पत्रकातली बाई का? नको बाई, आमच्याकडे असलं जप-बिप चालत नाही. आम्ही शिकलेली माणसं." माझंच पत्रक मीच त्यांना दिलं होतं, शहाणे व्हा म्हणून. मी घाईघाईनं म्हणालो, की काकू, त्या जप करत नाहीत, बाळाचे श्वास मोजतात. काकूंनी एकदम पदर सावरला आणि दार निम्मं लोटलं. "मोजतात? तान्ह्याचे श्वास? अजिबात नको. तुला काही कळतं का रे?"

म्हणजे जप म्हटलं तर शिक्षण आडवं, आणि मोजणं म्हटलं तर रीत आडवी. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. आत तो आवाज चालूच होता. आणि मी, मंडळाचा अंधश्रद्धेवर सगळ्यात तिखट लिहिणारा कार्यकर्ता, काकूंच्या पाया पडलो आणि म्हणालो, "काकू, माझ्या पत्रकात चूक झाली. ह्यांचा जप खरा आहे. माझ्या मावसबहिणीची मुलगी ह्या जपानं वाचली. एकदा करू द्या."

काकूंनी दार सोडलं. खोलीत शेगडी होतीच. ती बाहेर गेली, खिडकीतलं कापड मी ओढून काढलं. बाईंनी मनगटावरचं घड्याळ सोडून मला दिलं, "तू काटा पाह्य, मी माळ धरते" म्हणाल्या, आणि झबलं वर केलं. मिनिट भरलं तेव्हा मी झालं म्हणालो, पण तोवर लाल दोरा त्यांच्या बोटाच्या बराच मागे पडला होता. पुन्हा मोजलं. पुन्हा तसंच. त्यांनी मला खुणेनं दाखवलं, दर श्वासाला बरगड्यांच्या खाली खळगा पडत होता. आजवर मी बाळाची छाती पाहिलीच नव्हती, पाहण्यासारखं काही असतं हेही ठाऊक नव्हतं. बाईंनी सुनेला विचारलं, पाणी कधी गेलं होतं गं? तिनं आधी सासूकडे पाहिलं. मग म्हणाली, बाळंत व्हायच्या दोन दिवस आधी. मला कोणी विचारलंच नाही.

रिक्षा मी आणली. बाळ आईच्या उघड्या छातीशी, वरून पदर आणि शाल, अशी बाईंनी तिला बसवली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी न्यूमोनिया आहे असं सांगितलं, आणि उद्यावर ढकललं नाहीत हे बरं केलंत म्हणाले. काही दिवसांनी बाळ घरी आलं आणि भिंतीपलीकडे इतकं भोकाड पसरू लागलं, की माझी परीक्षा त्यानं बुडवली म्हटलं तरी चालेल.

त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना बाईंनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. दुसरं पत्रक काढ. माझ्यासाठी नको. पण गावात आता कोणी नाही, आणि पहिलं पत्रक वाचून पोरी शिकलेलं मोजणंही सोडून देतील. मी शब्द दिला. मजकूर त्याच आठवड्यात लिहिला. मंडळानं तो छापला नाही. चूक कबूल केली तर विरोधक तेच फडकावतील, आणि आपण जपाला पाठिंबा दिला असं होईल, थोडं थांबू या, असं ठरलं. जे मंडळ साऱ्या जगाला जाब विचारायला शिकवत होतं, त्याला मी जाब विचारला नाही. कार्बन लावून हातानं शंभर प्रती लिहिता आल्या असत्या. मी थांबलो.

पौषात मावशीच्या शेजारच्या घरात अकरा दिवसांचं बाळ गेलं. उपकेंद्राला कुलूप होतं. वत्सलाताई सासरी परत गेली होती, नाहीतर तिनं पाहिलं असतं. मावशीनं सांगितलं, "लय शांत होतं गा लेकरू. रडून कोणाले तरास देल्ला नाई." बाईंची माळ तिथं असती तर ते वाचलं असतं का? मला सांगता येणार नाही. पण त्याची छाती उघडून पाहायला कोणी आलं नाही, हे सांगता येतं. का आलं नाही, हेही.

त्यानंतर बाईंना मी भांडारात अधूनमधून भेटत असे. फिनेलच्या वासात, खोक्यांच्या भिंतींमध्ये बसून त्या बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या. प्रत्येक वेळी विचारायच्या, निघालं का पत्रक? टोमणा नसायचा, नुसती चौकशी. मी काहीतरी कारण सांगायचो. शेवटच्या भेटीत, या उन्हाळ्यात, त्यांनी विचारलं नाही. मीच विषय काढला. त्यांनी चिठ्ठीवर डिंक फिरवला, ती बाटलीवर दाबून बसवली आणि म्हणाल्या, "तू भेतं गा. मी सासवाईले एवढी भ्याली नाई." मग घरची विचारपूस केली. जाताना मला त्यांनी वत्सलाताईची एक युक्ती सांगितली, आणि सांगताना त्यांचा चेहरा असा उजळला होता, की जणू पदकच मिळालं. ताईच्या सासरी माळ कोणी हातात धरू देत नाही. म्हणून ताई वाटीत ज्वारीचे साठ दाणे घेते, आणि एका श्वासाला एक दाणा दुसऱ्या वाटीत टाकते. मिनिट भरायच्या आत पहिली वाटी रिकामी झाली की उठायचं. जावेचं बाळ तिनं असंच ओळखलं, वेळेत. "माह्याहून हुशार निघाली पोरगी," बाई म्हणाल्या.

हे दुसरं पत्रक, पेपरच्या पुरवणीतून. तीन वर्षं उशिरा. ज्या बाईनं मागितलं ती हे वाचणार नाही, आणि मंडळानं मला याबद्दल काढून टाकलं तर खुशाल टाकावं. साहेबांना सांगतो, फाईलला लावलेला तो कागद खोटा आहे, लिहिणारा मी सांगतो आहे, तो काढा आणि हा लावा. ते लावतील असा माझा भरवसा नाही. मेलेल्या नर्सला हार घालणं सोपं असतं.

म्हणून मागणं तुमच्याकडे आहे, हे वाचणाऱ्याकडे. तुमच्या घरात, शेजारी, वाड्यात दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल, तर पुरवणी खाली ठेवा आणि उठा. शेगडी बाहेर काढा. बाळ शांत आहे असं कोणी कौतुकानं सांगितलं, तर त्या कौतुकावर शंका घ्या. झबलं वर करा, घड्याळ लावा, आणि पूर्ण एक मिनिट मोजा. साठ झाले तर पुन्हा मोजा. पुन्हा साठ, किंवा दूध ओढत नाही, कण्हतं आहे, बरगड्यांखाली खळगा पडतो आहे, अंग तापलं आहे की गार पडलं आहे, यातलं एक जरी दिसलं, तर आकडा काहीही असो, उद्याची वाट बघू नका, आज न्या. घरातलं कोणी आडवं आलं, मोजू नये म्हणालं, तर भांडत बसू नका. जप करतो आहे म्हणून सांगा. पण मोजा.